गाळ्यातल्या एक्स्टेन्शन बदलताना: कामाच्या नोंदी

सोमवार, २१ एप्रिल २०२५

गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये खाली एक आणि त्याच्या डोक्यावर एक, असे दोन गाळे. खाली लोखंडकाम आणि सुतारकाम, वर रंगकाम आणि लाइटिंगचं टेबल. माल तीन प्रकारचा निघतो: प्रदर्शनांचे स्टॉल, दुकानांचं आतलं फर्निचर आणि पावसाळ्यात गणपतीच्या मंडपांची सजावट. विमा कंपनीच्या सर्व्हेत तात्पुरत्या वायरी कायमच्या झाल्याचा शेरा आला, म्हणून शेठनी मला बोलावून घेतलं. काम एका वाक्यात सांगितलं: "पावसाच्या आत सगळ्या एक्स्टेन्शन बदलून टाका, चांगल्यातल्या घ्या."

चांगल्यातली कोणती, हे दुकानात जाऊन ठरत नाही. किती लांब, टोकाला कोणतं मशीन, मागे कोणता एमसीबी (करंट जास्त गेला की आपोआप पडणारा स्विच), एवढं कळल्याशिवाय दुकानदार जे देईल ते चांगलंच दिसतं. म्हणून आधी मोजणी.

आज दोन्ही गाळ्यांतल्या झाडून सगळ्या एक्स्टेन्शन ओढून खालच्या फरशीवर आणल्या. प्लायच्या थप्प्यांमागून, माळ्यावरून, कंप्रेसरखालून. ढीग गुडघ्याच्या वर गेला. पोरं म्हणाली, "ताई, एवढ्या आहेत हे आम्हालाच माहीत नव्हतं."

ढिगापेक्षा बोलके होते ते ढिगात न आलेले बोर्ड. ते निघेचनात, कारण भिंतीला स्क्रूने मारलेले, वायर माळ्याच्या कडेने खिळ्यांनी ठोकलेली. एका बोर्डावर रंगाचे तीन थर होते. गाळा तीनदा रंगवला गेला तरी बोर्ड हलला नाही. असले बोर्ड बदलून नवे, महागडे बोर्ड लावले तरी सर्व्हेवाल्याचा शेरा तसाच राहील आणि तो बरोबरच असेल. जिथे मशीन जागचं हलत नाही तिथे पाईपमधलं वायरिंग आणि भिंतीवर पक्कं सॉकेट. आज खडूने अशा जागा आखल्या. शेठना सांगितलं की निम्मा खर्च वायरिंगवर जाईल. कपाळावर आठ्या पडल्या, पण "बघा" म्हणाले. याचा अर्थ या गाळ्यात "करा" असा होतो, हे मिस्त्रींनी नंतर कानात सांगितलं.

गुरुवार, २४ एप्रिल

ढीग निवडला. फेकायच्यात काय काय गेलं, ते लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा कोणी "अजून चालतेय की" म्हणालं तर दाखवता येईल.

दोन कोअरची (आत दोनच वायरी असलेली) चपटी वायर आणि टोकाला थ्री पिनचा बोर्ड. बोर्डाला अर्थचं भोक आहे, पण त्यामागे काही जोडलेलंच नाही. ग्राइंडरवाल्याला वाटतं अर्थिंग मिळालं.

६ अँपची पिन टॉप (वायरीच्या टोकाचा प्लग), आणि बोर्डात १६ अँपची दोन सॉकेटं. हा प्रकार सगळ्यात जास्त सापडला. बोर्ड १६ अँपची मशीन घेतो, पण सगळा भार छोट्या पिनेवर. पिनेच्या बुडाशी प्लास्टिक तपकिरी पडलेलं.

अर्थची जाड पिन करवतीने कापलेल्या काही पिन टॉप. विचारलं तर उत्तर आलं, "भोकात जात नव्हती."

कुठलीही पिन घेणारी युनिव्हर्सल सॉकेटं. ऑफिसात मोबाइल चार्जरला ठीक आहेत, पण ग्राइंडरच्या हादऱ्याखाली पिन त्यात डुगडुगते. ढिल्या जोडाचा हिशेब पोरांना करून दाखवला: जोडाचा रोध नुसता ०.१ ओहम धरला आणि १५ अँप गेले, तर १५ गुणिले १५ गुणिले ०.१, म्हणजे २२.५ वॅट उष्णता एका पिनेच्या टोकावर. सोल्डरिंगची लहान इस्त्री एवढ्यावरच चालते.

आणि टेप. काळी, लाल, पिवळी, वर सेलोटेपसुद्धा. मधे जोड असलेली एकही कॉर्ड ठेवली नाही. यावर सुतारकामाच्या मिस्त्रींशी वाद झाला. ते म्हणाले, "ताई, माझा जोड बारा वर्षं टिकलाय." असेलही. पण त्या जोडाला ओढ सोसायला टेपशिवाय काही नाही, आणि आतला अर्थ तुटला तरी मशीन चालतच राहतं. फेज तुटला की कळतं, न्यूट्रल तुटला की कळतं, अर्थ तुटला की कोणाला तरी झटका बसेपर्यंत कळत नाही.

मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) ५०० व्होल्टवर लावून उरलेल्या तपासल्या. धड वायरी शेकड्यांनी मेगओहम दाखवतात. रंगकामाच्या टेबलाखालची एक ०.३ दाखवत होती. तिचं पीव्हीसी थिनर पिऊन टणक झालेलं. वाकवलं की सालीसारखा आवाज.

मंगळवार, २९ एप्रिल

क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) घेऊन दिवसभर मशीनांच्या मागे. नेमप्लेटवरचे वॅट आणि प्रत्यक्ष अँप यांत काम कसं चालतं त्याचा फरक असतो, म्हणून चालू कामावर मोजलं.

पाच इंची ग्राइंडर ४ अँपच्या आसपास. सर्क्युलर सॉ मऊ प्लायला ५, सागवानाला ७. नऊ इंची ग्राइंडर दाबून धरला की १०. दोन हॉर्सपॉवरचा सिंगल फेज कंप्रेसर चालताना साडेनऊ, पण सुरू होताना मीटरचा काटा पन्नाशी गाठून येतो. हीट गन ८.५.

माझ्या मते या यादीतलं फसवं मशीन हीट गन आहे. ग्राइंडर दहा सेकंद चालतो, थांबतो, वायर थंड होते. हीट गन लॅमिनेट वाकवायला तासभर सलग चालते, आवाज करत नाही, आणि तोच भार वायरीवर न थांबता राहतो. गाळ्यात जळालेले दोन बोर्ड सापडले, दोन्ही तिच्याच टेबलाखालचे.

वेल्डिंगचं २०० अँपचं इन्व्हर्टर मशीन १२० वर लावून मोजलं: २१ ते २२ अँप. आणि ते १६ अँपच्या पिनेवर. वेल्डर म्हणाला, "पिन गरम झाली की थोडा वेळ चहा घेतो." चहावर चालणारं संरक्षण! याला निळा ३२ अँपचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट आणि स्वतःचा वेगळा ब्रेकर लागणार.

शुक्रवार, २ मे

काल महाराष्ट्र दिनाची सुट्टी. आज कागदावरचं काम.

वायरीची जाडी ठरवताना बहुतेक जण एकच तक्ता बघतात: अमुक एमएमला तमुक अँप. तो लागतोच, पण लांब कॉर्डमध्ये आधी व्होल्टेज पडतं, वायर नंतर तापते. लवचीक तांब्याच्या वायरीचा एका किलोमीटरचा रोध २० अंशांना असा: ०.७५ एमएमला २६ ओहम, १ ला १९.५, दीडला १३.३, अडीचला ७.९८, चारला ४.९५. (एमएम म्हणतेय ते अर्थात चौरस मिलिमीटर.) करंट जातो आणि येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. पन्नास मीटरची दीड एमएम कॉर्ड, टोकाला १० अँप: १३.३ व्होल्ट गेले. तीच ०.७५ ची असेल तर २६ व्होल्ट. मशीनला २३० ऐवजी २०४ मिळाले.

ग्राइंडर तेवढ्यात भागवून घेतो, कंप्रेसर घेत नाही. मोटर सुरू होताना तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. वरचा कंप्रेसर पन्नास मीटरच्या जुन्या दीड एमएम ड्रमवर (चाकावर गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनवर) लावून, कमीत कमी आकडा धरून ठेवणाऱ्या मीटरने बघितलं तर सुरू होताना टोकाला १८० व्होल्टच होते. म्हणजे जोर साठ टक्क्यांवर. टाकीत हवा असेल तर मोटर नुसती गुरगुरते, आणि गुरगुरत असेपर्यंत चाळीस-पन्नास अँप वायरीतून वाहत राहतात. गेल्या वर्षी कंप्रेसरची मोटर दोनदा भरून आणली, असं शेठ म्हणाले. दोष वाइंडिंगवाल्यावर गेला होता. कंप्रेसर आता भिंतीच्या पक्क्या पॉइंटवरच चालेल. हवेची नळी लांब करा, विजेची वायर नको. नळी लांब केल्याने दाब थोडा पडतो, पण मोटर जळत नाही.

कॉर्डमध्ये जास्तीत जास्त ७ व्होल्ट पडू द्यायचे, म्हणजे ३ टक्के, अशी हद्द मी धरली. त्यावरून:

१० मीटर, दीड एमएम, हातातल्या छोट्या मशीनांना.
२५ मीटर, अडीच एमएम, १६ अँपपर्यंत कशालाही. पूर्ण १६ अँपला ६.४ व्होल्ट पडतात, बसतं.
१५ मीटर, ६ एमएम, फक्त वेल्डिंगला, ३२ अँपच्या निळ्या प्लगसह.

पन्नास मीटरची एकही नाही. ज्याला पन्नास मीटर लागते त्याला तिथे सॉकेट लागतं. प्रदर्शनाच्या ठिकाणी काय करायचं ते वेगळं, त्याचं पुढे बघू.

मंगळवार, ६ मे

लोहार चाळ. मुंबईत विजेचं सामान घ्यायचं म्हटलं की पाय आपोआप काळबादेवीकडे वळतात. सकाळी लवकर गेलं तर दुकानदार बोलायला मोकळे असतात. अकरानंतर हातगाड्या आणि डोक्यावर ड्रम घेतलेले हमाल यांतून वाट काढण्यातच दिवस जातो.

पहिला प्रश्न आवरणाचा. साधी पीव्हीसी की रबर? घरात, ऑफिसात पीव्हीसी पुरते. आपल्याकडे गरम लोखंडाचे कण उडतात, थिनर सांडतं, वायरीवरून ट्रॉली जाते, आणि प्रदर्शनाचा ट्रक उतरवताना भर उन्हात दिवसभर वायर पडून असते. रबराची केबल वजनाला जड आणि महाग, पण लोळवली तरी वळ धरत नाही, ठिणगी पडली तर पीव्हीसीसारखी वितळून उघडी पडत नाही. भारतीय मानकांत पीव्हीसी वायरीसाठी आयएस ६९४ आणि रबरासारख्या इलास्टोमर आवरणाच्या केबलसाठी आयएस ९९६८. दुकानदाराला हे आकडे सांगितले की तो दुसऱ्या कपाटाकडे वळतो. हलवत्या मोटरांची लवचीक केबल जाड इन्सुलेशनची आणि मार सोसणारी हवी, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही आहे, त्यामुळे ही काही माझी हौस नाही. खाली रबर, वरच्या लाइटिंगच्या टेबलाला चांगली पीव्हीसी.

प्लग-सॉकेट. भिंतीवरच्या आपल्या नेहमीच्या ६ आणि १६ अँपच्या पिना आयएस १२९३ प्रमाणे. इंडस्ट्रियल गोल प्लग आयईसी ६०३०९ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे: निळा म्हणजे २३० व्होल्ट, लाल म्हणजे ४१५. यात अर्थची पिन इतरांहून जाड आणि लांब असते, आधी जुळते आणि शेवटी सुटते. १६ चा प्लग ३२ च्या सॉकेटात जात नाही. करवत घेऊन बसणाऱ्या माणसाविरुद्ध यापेक्षा चांगली तरतूद नाही.

पाण्यासाठी आयपी ४४ की आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून बचावाची प्रत), यावर दुकानात बराच वेळ गेला. ४४ शिंतोडे सोसतो. ६७ काही काळ पाण्यात बुडाला तरी चालतो, पण प्लग घालून त्याची कडी फिरवून घट्ट केली तरच. अर्धवट फिरवलेल्या ६७ वर विसंबण्यापेक्षा नीट बसलेला ४४ बरा. गाळ्यात ४४, बाहेरच्या कामाला ६७ घेतले.

ड्रम घेतला नाही. दुकानदाराने पन्नास मीटरचा छान पिवळा ड्रम पुढे केला. त्याच्या कडेला दोन आकडे होते, पूर्ण उलगडल्यावर वेगळे वॅट, गुंडाळलेला असताना वेगळे, दुसरा पहिल्याच्या निम्म्याहून कमी. हे वाचतो कोण? दीड एमएमची पन्नास मीटर वायर १० अँपवर १३३ वॅट उष्णता देते. फरशीवर पसरली असेल तर हात लावूनही कळत नाही. ड्रमवर थरावर थर असताना आतल्या थरांची उष्णता बाहेर पडायला जागाच नाही, आणि साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतचंच असतं. गुंडाळलेल्या वायरीत चुंबकत्व तयार होऊन ती तापते, असं पुष्कळ वायरमन सांगतात. तसं नाही, जाणारा आणि येणारा करंट एकाच केबलमध्ये असतो, त्यांचं क्षेत्र एकमेकांना मारतं. उष्णता कोंडते, बस्स. आपली पोरं दहा मीटर हवी तर दहाच उलगडणार, हे माहीत असताना ड्रम घेणं म्हणजे मुद्दाम आग पोसणं.

शनिवार, १० मे

नवी केबल आली. त्याआधी गाळ्यातच पडून असलेलं, पूर्वीच्या कुठल्यातरी खरेदीतलं एक न उघडलेलं वेटोळं सापडलं होतं. वर छापलेलं: अडीच एमएम, तीन कोअर. शेठ म्हणाले, "हे वापरा ना आधी." दोन्ही शेजारी ठेवून मोजलं.

एक कोअर सोलून तारा मोजल्या: ३६. अडीच एमएमला ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा बरोबर बसतात, क्षेत्रफळ २.५४ येतं. मायक्रोमीटर लावला तर जुन्या वेटोळ्यातली तार ०.२५ ची निघाली. ३६ तारांचं १.७७. मोजणारा तारा मोजेल, जाडी मोजणार नाही, हे बनवणाऱ्याला पक्कं ठाऊक.

खात्रीसाठी दहा मीटरच्या एका कोअरमधून १० अँप सोडून दोन टोकांतलं व्होल्टेज बघितलं. नव्या केबलला ०.८३ व्होल्ट. हिशेबाने २० अंशांना ०.८० यायला हवे. गाळ्यात तिशी ओलांडलेली, तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्का वाढतो, जमलं. जुन्याला १.१७. फरक चाळीस टक्क्यांचा. ही चाचणी मला तारा मोजण्यापेक्षा जास्त आवडते, कारण तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असेल तर तेही यात उघडं पडतं.

केबलवर आयएसआयचं चिन्ह असेल तर त्यासोबत सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाचा, कशासाठी, चालू आहे का, हे दिसतं. नव्याचा दिसला. जुन्यावर चिन्ह आहे, नंबर नाही. वेटोळं भंगारात. आणखी एक: केबलवरचं चिन्ह केबलपुरतं. त्यावर "आयएसआय एक्स्टेन्शन बोर्ड" म्हणून विकतात, तेव्हा आतल्या सॉकेटावर आणि पिन टॉपवर स्वतंत्र चिन्ह आहे का ते बघायचं.

बुधवार, १४ मे

आजचा विषय कोणाला सांगायला गेलं की लोक उठून जातात, म्हणून इथेच लिहिते. माझ्या दृष्टीने सगळ्या कामाचं मर्म यातच आहे.

"मागे एमसीबी आहे की" हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं. १६ अँपचा एमसीबी १६.१ ला पडत नाही. मानकाप्रमाणे तो १.१३ पट, म्हणजे १८ अँप तासभर सोसून उभा राहायला हवा, आणि १.४५ पटीला, म्हणजे २३ अँपला, तासाभराच्या आत कधीही पडला तरी पास. ०.७५ एमएमची वायर जेमतेम ६-७ अँपची. तिच्यातून तासभर २० अँप गेले तर एमसीबीचं काही चुकलं नाही, वायर मात्र संपली. भिंतीतला एमसीबी भिंतीतल्या वायरीसाठी निवडलेला असतो. आपण त्याच्यापुढे काय जोडलं, हे त्याला कळायला मार्ग नाही.

दुसरी गोष्ट शॉर्ट सर्किटची. सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडायला दहा पटीपर्यंत करंट लागू शकतो, १६ च्या एमसीबीला १६० अँप. तेवढा वाहायचा तर सगळ्या वळशाचा (करंट जाऊन परत येतो त्या पूर्ण वाटेचा) रोध २३० भागिले १६०, म्हणजे १.४४ ओहमच्या आत हवा. इथल्या डीबीवर (सगळे ब्रेकर असलेल्या डिस्ट्रिब्युशन बोर्डवर) मोजला तो साधारण अर्धा ओहम. आपली २५ मीटरची अडीच एमएम त्यात ०.४ घालते. एकूण ०.९, एमसीबी झटक्यात पडेल.

आता ढिगातली एक जोडगोळी: १ एमएमची ३० मीटर, तिच्या टोकाला ०.७५ ची २० मीटर. १.१७ अधिक १.०४ अधिक अर्धा: २.७ ओहम. शॉर्ट झाला तरी ८५ अँपच वाहतील. सी १६ ला हे शॉर्ट सर्किट वाटेलच असं नाही. तो जड भार समजून थोडा वेळ थांबू शकतो, आणि त्या थोड्या वेळात ०.७५ च्या वायरीतून ८५ अँप. एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडू नये, हे सगळे सांगतात. का, ते या बेरजेत आहे. सॉकेटांच्या सर्किटांना बी प्रकारचे एमसीबी लावले, त्यांना पाच पटीला पडावं लागतं. कंप्रेसरचा सी ठेवला, नाहीतर सुरू होतानाच पडेल.

शिवाय प्रत्येक सॉकेट सर्किटला ३० मिलीअँपचा आरसीबीओ, म्हणजे जमिनीत करंट गळला की पडणारा ब्रेकर. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा करंट एमसीबीला कधीच दिसत नाही. पण वेल्डर खूश होऊन म्हणाला, "म्हणजे आता झटका लागणारच नाही!" त्याला थांबवलं. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर आरसीबीओला तो एक बल्बच वाटतो. आणि टेस्टचं बटण दर महिन्याला दाबायचं. कोण दाबणार, यावर अर्धा तास चर्चा. पगाराच्या दिवशी शेठ दाबतील, असं ठरलं. तो दिवस कोणी विसरत नाही.

मंगळवार, २० मे

जोडणी. पोरांना बसवून करून घेतली, कारण दुरुस्तीला पुढे तेच आहेत.

तारांच्या टोकाला फेरूल (तारा एकत्र धरणारी धातूची छोटी नळी) दाबायची. जुन्या वायरमनना टोकाला सोल्डर लावायची सवय आहे, ती बंद केली: स्क्रूखाली सोल्डर हळूहळू दबत जातं, जोड ढिला होतो आणि तापतो. हिरवी-पिवळी अर्थची कोअर आत थोडी लांब ठेवायची, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी सुटेल. पकडीचा क्लँप बाहेरच्या आवरणावर बसला पाहिजे, आतल्या रंगीत कोअरवर नाही. लोकल डब्यात सामान चढवावं तशी पोरं कोअर कोंबत होती, दोन-तीन प्लग उघडून पुन्हा करायला लावले.

प्रत्येक कॉर्डच्या अर्थचा रोध एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजला. २५ मीटर अडीच एमएमला ०.२ ओहम यायला हवा. एका कॉर्डला ०.९ आला, फेरूल इन्सुलेशनवरच दाबली गेली होती. मेगरने ती पास झाली होती, हे मुद्दाम लिहिते.

सोमवार, २६ मे

पाऊस आलाच. मुंबईत मान्सूनची नेहमीची तारीख ११ जून. आज हवामान खात्याने तो पोचल्याचं जाहीर केलं, इतक्या लवकर यापूर्वी कधी नोंद नाही. सकाळपासून धो धो. वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशन पाण्याखाली गेल्याचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर. मी कशीबशी पोचले.

गाळ्याच्या शटरखालून पाणी आत. भिंतीवरचे नवे पॉइंट गुडघ्याच्या वर घेतले आहेत, ते कोरडे. खाली फरशीवर दोन कॉर्ड पडल्या होत्या, त्यांची सॉकेटं उपडी, झाकणं लागलेली, प्लग काढलेले. सर्किट बंद करून उचलल्या, उघडल्या, आत कोरड्या. वापरात नसलेली कॉर्ड भिंतीच्या हुकावर, आणि हुक सॉकेटच्या वर. एवढा एक नियम वाढवला.

गुरुवार, ५ जून

प्रदर्शनाच्या हॉलमध्ये नव्या संचाची परीक्षा. आयोजकाच्या डीबीतून लाल पाच पिनांचा ३२ अँपचा थ्री फेज सॉकेट मिळतो. तिथून आपला डिस्ट्रिब्युशन बॉक्स, आणि बॉक्समधून सिंगल फेजच्या छोट्या कॉर्ड. पन्नास मीटरचा प्रश्न असा सुटतो: लांब पल्ला जाड थ्री फेज केबलने, शेवटचे दहा मीटर बारीक कॉर्डने.

या पाच पिनांत जीव घेणारी पिन न्यूट्रलची. ती ढिली झाली तर तीन फेजवरचे भार एकमेकांत अडकतात, आणि ज्या फेजवर एकच एलईडी पॅनल असेल त्याच्या वाट्याला ३०० च्या पुढचे व्होल्ट येऊ शकतात. प्लग घालण्याआधी सॉकेटवर तिन्ही फेज न्यूट्रलशी मोजले, बॉक्सचे सगळे ब्रेकर खाली ठेवून प्लग घातला, मग पुन्हा मोजले, मग एकेक वर. भार चालू असताना हा प्लग ओढायचा नाही, असं बॉक्सच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय.

दुपारी आरसीबीओ पडायला लागला. शॉर्ट कुठेच नाही. गळतीचा क्लॅम्प लावला तर स्टॉलवरच्या सगळ्या पॅनलांचे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारे डबे) मिळून १८ मिलीअँप अर्थमध्ये जात होते. एकेक ड्रायव्हर निर्दोष. प्रत्येकाच्या फिल्टरमधून थोडं थोडं जातंच. ३० मिलीअँपचा आरसीबीओ १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, ३० ला पडलाच पाहिजे. स्टॉलचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बायपास करून देऊ का? सकाळी उद्घाटन आहे." पॅनलं दोन सर्किटांत वाटली, ९-९ झाले, पडणं थांबलं. दहा मिनिटांचं काम.

गालिच्याखालून वायर न्यायला आयोजकांचे लोक सांगत होते, दिसायला बरं म्हणून. नाही नेली. वर रोज हजारो पाय आणि खाली उष्णता कोंडलेली, शिवाय आवरण फाटलं तरी दिसत नाही. रबराचे रॅम्प भाड्याने मिळाले.

शनिवार, १४ जून

प्रत्येक कॉर्डच्या दोन्ही टोकांना टॅग: लांबी, एमएम, जास्तीत जास्त अँप, तपासल्याची तारीख. कॉर्डवर चढवलेली निळी नळी म्हणजे १० मीटर, लाल म्हणजे २५. वेल्डिंगची वेगळीच दिसते. दर तिमाहीला मेगर आणि अर्थचा रोध. प्रदर्शनाहून परत आलेली प्रत्येक कॉर्ड हुकावर जाण्याआधी नुसत्या हाताने पूर्ण लांबी चाचपून बघायची. चीर, वाकलेला प्लग, तापल्याचा डाग दिसला की ती लाल डब्यात. टेपचं बंडल मी सोबत घेऊन जातेय, मिस्त्रींनी पाहिलं आणि हसले.

उरलेलं: वरच्या मजल्यावर हीट गनच्या टेबलाला स्वतंत्र पॉइंट, वायर आली की लगेच. वेल्डरने ३२ अँपचा दुसरा सॉकेट शटरजवळ मागितलाय, तो द्यावा असं माझं मत, शेठ "बघू" म्हणालेत. विमा कंपनीला फोटो आणि चाचणीचे आकडे सोमवारी जातील.

गणपतीच्या मंडपांसाठी या संचातल्या कॉर्ड द्यायच्या नाहीत, हे शेठकडून लिहून घेतलं. यंदा गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे भर पावसात, उघड्या रस्त्यावर, तात्पुरत्या मीटरवरून. त्याला आयपी ६७ चे बॉक्स, जमिनीपासून वर टांगलेली केबल आणि मंडपाच्या लोखंडी सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग लागेल. त्याचा अंदाजपत्रकाचा कागद वेगळा करतेय.